टेलवरचा फ्लॅट

पाण्यावर इतका संशय घेणारा माणूस आपल्या अख्ख्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडाला अजून वळण पडलेलं नाही) दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो माझ्या ह्या चुलत दिरांनीच तयार केलेला असेल. तुम्ही दोघं नातवंडं त्यांना एकदाच भेटला आहात. मागच्या खेपेला तुम्ही कोपरगावला आलात तेव्हा धाकटी अंगणातला नळ सोडून मांजराशी गप्पा मारत बसली होती. इतक्यात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ फाटकातून आत आले, कोणाकडे न बघता आधी नळ बंद केला आणि मला म्हणाले, "वहिनी, ह्या पोरीला आठ दिस टेलला ठिवा." ते गेल्यावर तिने मला विचारलं होतं की टेल हे इथल्या तुरुंगाचं नाव आहे का. तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत उत्तर द्यायचं राहिलं. ते आता देते.

भाऊजींची सगळी नोकरी कालव्यावर गेली. कालवा जिथून निघतो ते हेड, आणि फाटे फुटत, शेतं भिजवत तो जिथे संपतो ते टेल. हेडच्या शेतकऱ्याला पाणी आधी आणि पोटभर मिळतं. टेलच्या शेतकऱ्यापर्यंत कधी पाणी पोचतं, कधी पाण्याची बातमीच पोचते. वरच्या लोकांनी चोरून कालव्याची दारं उचलू नयेत आणि खालच्यांना त्यांच्या पाळीचं पाणी मिळावं, हे बघायचं काम भाऊजींचं. पस्तीस वर्षं ते आधी सायकलवरून आणि मग मोटरसायकलवरून कालव्याच्या भरावावर हिंडले, शिव्या खाल्ल्या, दोनदा कालव्यात ढकलले गेले आणि दोन्ही वेळा, त्यांच्याच सांगण्यानुसार, पडल्या पडल्या पाण्याची खोली मोजून घेतली.

ह्या नोकरीने झालं असं की त्यांना जगात हेड आणि टेल सोडून तिसरं काही दिसेनासं झालं. पंगतीत ते कधी वरच्या टोकाला बसत नाहीत. शेवटचं ताट धरून बसतात आणि बासुंदी तिथवर येते का ते बघतात. नेवाशाला आमच्या नात्यातल्या एका लग्नात ती आली नाही. अर्ध्या पंगतीतच पातेलं खरवडल्याचा आवाज आला. भाऊजी ताटावरून उठले आणि हात वर करून गरजले, "वाढनं बंद! आता दुसरं पातेलं टेलकडनं सुरू करा!" त्यांच्या आवाजात पस्तीस वर्षांचं सरकार होतं, त्यामुळे वाढप्यांनी निमूट ऐकलं. परिणाम असा झाला की दुसऱ्या वाढीला आमच्याकडच्या चिल्ल्यापिल्ल्यांना वाटी वाटी बासुंदी मिळाली आणि वरच्या टोकाला बसलेले वरपक्षाचे मामा कोशिंबिरीकडे बघत राहिले. ते मामा अजून आमच्याशी बोलत नाहीत. मला मात्र भाऊजी आयुष्यभर हेडची म्हणत आले. "वहिनी इंग्रजी शाळेत शिकल्या. म्हंजी हेडलाच की. तुमास्नी कधी कमी पडलंच न्हाई." आणि ते खरंच आहे.

दुसरी गोष्ट त्यांचा तांब्या. कुठेही नवीन ठिकाणी गेले की पिशवीतून पितळी तांब्या काढायचा, पाणी जमिनीवर ओतायचं आणि ते कुठे जातं हे कमरेवर हात ठेवून बघायचं. बँकेच्या नव्या इमारतीत त्यांनी हे केलं तेव्हा मॅनेजरांना वाटलं की वास्तुशांत राहिली आहे. "पान्याला खोटं बोलता येत न्हाई," असं भाऊजींचं म्हणणं. माणसांच्या बाबतीत त्यांनी इतका विश्वास कधी दाखवला नाही.

तर ह्या माणसाला एके दिवशी पुण्यात फ्लॅट निवडायची वेळ आली.

त्यामागे माझ्या जाऊबाई होत्या. लग्न झालं तेव्हा भाऊजींनी त्यांना सांगितलं होतं की दोन-तीन वर्षं कालव्यावर काढू, मग शहरात बदली मागून घेऊ. मग पुढची तीस वर्षं त्या ह्या बंगल्यातून त्या बंगल्यात हिंडल्या. बंगला म्हणताच तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी छान येईल, म्हणून सांगते: कालव्याकाठी दोन खोल्या, चहूकडे ऊस, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी एकच वस्तू म्हणजे पाण्याची उंची मोजायची पट्टी. सर्वांत जवळची शेजारीण दीड मैलावर, आणि तीही बहिरी. निवृत्त झाल्यावर भाऊजींनी घर बांधलं, ते गावाबाहेर. त्या ठिकाणी उतार चांगला होता. लेक पुण्यात नोकरीला लागली, तिथेच संसार थाटला, आणि मग जाऊबाई एका सकाळी माझ्याकडे येऊन ओट्याशी टेकून उभ्या राहिल्या. "अक्का, उसाकडं बघून बघून माझे डोळे हिरवे झाले. मला आता मानसं बघायचीत. दिवाळीच्या पणत्या मी पुन्यात लावनार. ह्यांना यायचं आसंल तर येतील, न्हाईतर बसतील तांब्या घिऊन."

इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. लगेच कामाला लागले. एक वही घेतली, बारा रकाने आखले. दवाखाना किती लांब, लिफ्ट किती, ऊन कोणत्या खोलीत, भाजी कुठे, रिक्षा मिळते का, वगैरे. प्रत्येकाला दहापैकी गुण. तुमची आई म्हणते की मी कोथिंबीर आणायलाही तक्ता करते. ते अतिशयोक्त आहे, कोथिंबिरीला मी तक्ता करत नाही. मग त्यांची लेक, म्हणजे माझी पुतणी, आम्हाला गाडीत घालून पुणे दाखवू लागली. पुढे भाऊजी, मागे आम्ही दोघी जावा, मांडीवर वही.

पहिलं घर कोथरूडला. दवाखाना समोर, भाजी मागे, माझ्या वहीत गुणांचा पाऊस. भाऊजींनी दाखवायला आलेल्या एजंटाला विचारलं, "हे हेडला हाय का टेलला?"

"काका, हे अगदी मेन रोडला आहे."

"रोडचं न्हाई विचारलं. पानी कुठनं येतं?"

"नळातून," तो बिचारा म्हणाला.

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ह्या माणसाला शिकवणारी मीच होते. मग तांब्या निघाला. पाणी पार्किंगमध्ये ओतलं गेलं, थोडं घुटमळलं आणि सरळ लिफ्टच्या दारात जाऊन उभं राहिलं, जणू त्यालाही वर जायचं होतं. "एक वळीव झाला की लिफ्टमधी मासे धरा," असं म्हणून भाऊजी गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या ठिकाणी टाय लावलेल्या एका तरुण गृहस्थांनी आम्हाला गार खोलीत बसवून क्षेत्रफळ समजावलं. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप. माझं इंग्रजी चांगलं आहे आणि पुतणी इंजिनिअर आहे. दोघींनाही एक अक्षर कळलं नाही. भाऊजी मात्र मान डोलावत होते. "म्हंजी तुमी हेडला शंभर सोडलं, आन घरात पोचलं सत्तर. मधलं तीस मुरलं कुठं?"

"सर, ते लॉबी, जिना, क्लब हाउस..."

"म्हंजी गळती."

"एक्झॅक्टली, सर!" ते गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. इतक्या वर्षांत इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं म्हणे. तिथे कदाचित जमलंही असतं, पण मग ते आम्हाला नमुन्याचा फ्लॅट दाखवायला घेऊन गेले. सगळं झकपक. टेबलावर मेणाची सफरचंदं. भाऊजी थेट मोरीत गेले, नळ सोडला, आणि काहीच येईना तेव्हा पाइपला कान लावून डॉक्टरसारखे उभे राहिले. "ह्या घरात पानी न्हाई."

"सर, हा सॅम्पल फ्लॅट आहे."

"मग सॅम्पलपुरतं तरी दावा."

ते घर गेलं. तिसऱ्याच्या नावातच नदी होती. गॅलरीतून खरोखरच नदी दिसत होती, आणि मला ते फार आवडलं. भाऊजींनी नदीकडे आणि नदीने भाऊजींकडे बराच वेळ बघितलं. "वहिनी, नदी बघायची तर आपन तिच्या घरी जावं. तिला आपलं घर दावू नये." चौथ्या ठिकाणी पोहायचा तलाव होता आणि त्याच्या शेजारीच पाण्याचा टँकर उभा होता. तिथे भाऊजी गाडीतून उतरलेच नाहीत. नुसती काच खाली करून हसले आणि वर केली. पाचवं घर कशाने गेलं ते मी वहीत लिहिलेलं नाही, बहुधा माझाच धीर सुटला होता. सहाव्याला सगळं ठीक होतं. उतार ठीक, दाब ठीक, टाकी ठीक. भाऊजी अर्धा तास तिथे दोष शोधत होते. शेवटी म्हणाले, "हितलं पानी लई गपगुमान येतंय. काहीतरी गडबड हाय."

परतीच्या वाटेवर आम्ही उसाच्या रसाला थांबलो. भाऊजी चरकवाल्याला पाणी वाया घालवण्याबद्दल बोलत होते. जाऊबाई ग्लास तसाच हातात धरून मला हळूच म्हणाल्या, "अक्का, दोष घरांत न्हाई. ह्यांना यायचंच न्हाई. मला कळतंय." मी म्हटलं, अगं, अजून घरं आहेत. त्या नुसत्या हसल्या. तीस वर्षं असंच काहीतरी ऐकत आलेल्या बाईचं ते हसणं होतं. गाडीत बसताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आता सातवं घर. त्याला न्हाई म्हनलात तर मी लेकीच्या हॉलमधी गादी टाकून ऱ्हाईन. एकटी."

भाऊजींनी तांब्याची पिशवी पायाशी सरकवली आणि गाडीची काच वर केली.

सातवं घर पुण्याच्या कोणत्या भागात ते मी सांगत नाही, तिथली माणसं मला ओळखतात. शहर संपता संपता, टेकडीच्या अंगावर तीन इमारती, ए, बी आणि सी. आम्ही पोचलो तेव्हा फाटकापाशी भांडण जुंपलेलं होतं. बादल्या घेतलेल्या बायका, दंडावर टॉवेल टाकलेले पुरुष, आणि मध्ये अर्ध्या चड्डीतले सोसायटीचे चेअरमन. टेकडीमुळे सी इमारत सर्वांत उंचावर आणि पाइपाच्या अगदी शेवटी. तिथे चार दिवस पाणी चढलं नव्हतं, आणि खालच्या ए इमारतीत लोक गाड्या धूत होते. पुतणीने कपाळाला हात लावला. "आबा, चला, हे बघायलाच नको."

पण आबा गाडीतून उतरले होते. जी मालकीण आम्हाला फ्लॅट दाखवणार होती ती जाऊबाईंना घेऊन सी इमारतीच्या सातव्या मजल्यावर निघून गेली, आणि भाऊजी गर्दीत शिरले.

"पानी किती वाजता येतं?"

"साडेनऊला," कोणीतरी म्हणालं.

"आन आधी कुनाला सोडता?"

"ए ला. मग बी. मग उरलं तर सी."

"उरलं तर!" भाऊजींच्या मिशा थरथरल्या. त्यांनी वॉचमनला जमिनीतलं लोखंडी झाकण उचलायला लावलं आणि वाकून आत बघू लागले. चेअरमन घाईघाईने आले.

"काका, आपण कोण?"

"फ्लॅट बघायला आलोय."

"मग फ्लॅट बघा ना!"

"त्योच बघतोय," भाऊजी खड्ड्यातून म्हणाले.

पुढची वीस मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत, कारण एकाच वेळी सगळे बोलत होते. भाऊजींनी ए चा व्हॉल्व्ह बंद करायला लावला, बी चा बंद करायला लावला, आणि चेअरमनना समजावलं की पाळी नेहमी टेलकडून सुरू करायची. टेल भिजलं की मग वर सरकायचं. हेडवाल्याला कसंही मिळतं, त्याची काळजी देवानेसुद्धा करू नये. ए इमारतीतले एक गृहस्थ अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत खिडकीतून ओरडू लागले. भाऊजींनी त्यांना हात दाखवून थांबायला सांगितलं आणि पाइपाला कान लावला. गर्दी आपोआप गप्प झाली. सगळे बादल्या धरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तेवढ्यात वरून आरोळी आली. "आलं! आलं हो! पानी आलं!"

आम्ही माना वर केल्या. सातव्या मजल्याच्या गॅलरीत जाऊबाई कठड्यावरून निम्म्या बाहेर वाकून पदर हलवत होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना कोण कुठल्या बायका होत्या, एकीने त्यांच्या खांद्यावर हात टाकला होता, आणि त्या सगळ्या मिळून लग्नात हसावं तसं हसत होत्या. खालच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. जाऊबाईंनी त्यांच्याकडे बघूनही पदर हलवला.

भाऊजी खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसलेले होते, ते तसेच वर बघत राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "ही एवढ्या मोठ्यानं वरडती?"

मीही तो आवाज कधी ऐकला नव्हता. कालव्यावर ओरडून ऐकणार कोण होतं?

आम्ही वर गेलो. भाऊजींनी तांब्या काढला नाही. भिंतीला ओल होती, दोन दारं लागत नव्हती. त्यातलं काही त्यांनी पाहिलं नाही. गॅलरीत जाऊबाईंच्या शेजारी उभे राहिले आणि विचारलं, "हितनं काय काय दिसतं?" जाऊबाई सांगू लागल्या. बेकरी दिसते, शाळा दिसते, दोन भाजीच्या गाड्या, समोरच्या गच्चीत एक बाई कुरडया घालते तीसुद्धा दिसते, आणि ती विदर्भातली आहे, सून तिच्याशी नीट वागत नाही. एवढं सगळं वीस मिनिटांत गोळा केलं होतं त्यांनी. भाऊजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदाही पाण्याचा विषय काढला नाही. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, वहीत लिहा. पास."

"भाऊजी, ह्याला सगळ्यांत कमी गुण पडलेत."

"लिहा म्हनलं ना."

पुतणी चिडली. आबा, हे टेलला आहे, तुम्हीच म्हणता ना, वगैरे. भाऊजी म्हणाले, "व्हय. टेलच्या लोकांना मानूस लागतो," आणि तेवढंच कारण त्यांनी सगळ्या नातेवाइकांना आजवर सांगितलं आहे. जाऊबाईंनीही तेच धरलं. "जल्माचं पान्याचं भांडन सोडून निघाले हुते, तर ह्यांनी फ्लॅटसंगट नवं भांडन घेतलं," असं त्या बोलल्या, पण बोलताना कठडा सोडत नव्हत्या. त्या संध्याकाळी मी घरी येऊन वही उघडली. बारा रकाने, सरळ आखलेले. ते घर जिला हवं होतं तिला काय वाटतं, हा रकाना मी कुठेच ठेवलेला नव्हता. तेराव्याला पानावर जागा होती.

पणत्या पुण्यात लागल्या. सोसायटीत आता पाळीचा फळा आहे, तो भाऊजींच्या अक्षरात असतो. सी इमारतीत त्यांना घरोघर चहा आहे. ए इमारतीतले लोक मात्र ते पाणी तपासायला येऊन त्यांच्या लिफ्टमध्ये दिसले तर जिन्याने जातात, म्हणजे पाण्याखेरीज तिथे व्यायामाचीही सोय झाली.

संक्रांत झाल्यावर मी दोन दिवस त्यांच्याकडे गेले होते. संध्याकाळी सव्वासहाला पोचले तर दार भाऊजींनी उघडलं. घरात ते एकटे. जाऊबाई कोणाकडे तरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या, आणि तिथून बायका बायका मिळून बागेत जाणार होत्या. भाऊजींनी मला चहा करून दिला. त्याविषयी न लिहिलेलं बरं. मी पीत होते तेवढ्या वेळात ते चार वेळा गॅलरीत जाऊन आले.

"सहाला येते म्हनली हुती."

"अहो, येईल. फोन करा की."

"केला. घरातच वाजला."

मी कप ठेवला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. खाली दुकानांचे दिवे लागत होते. भाऊजी दोन्ही हातांनी कठडा धरून एकेका बाईकडे बघत होते, ही नाही, ही नाही, असं. मग माझ्याकडे न बघताच बोलू लागले. "तिकडं बंगल्यावर मी जेवाया येतो म्हनून जायचो. कधी तिन्हीसांजेला यायचो, कधी दुसऱ्या दिशी. पानी सोडून येता यायचं न्हाई. ती ताट वाढून द्यायची, एक शब्द बोलायची न्हाई. मला वाटायचं, हिचं काय, ही घरातच तर हाय. वहिनी, वाट बघनं एवढं अवघड असतं व्हय?"

तुमचा फोन यायच्या वाराला मीही दुपारपासून घड्याळाकडे बघत असते, पण ते काही अवघड नाही.

"ती बघा," भाऊजी एकदम म्हणाले. सात मजले उंचीवरून मला नुसती डोकी दिसत होती, पण त्यांनी चालीवरून ओळखलं. बेकरीपाशी चार बायकांच्या घोळक्यात जाऊबाई उभ्या होत्या. हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, बाकीच्या हसत होत्या, आणि वर यायची त्यांना मुळीच घाई दिसत नव्हती.

"हाक मारू का?" मी विचारलं.

"नको," भाऊजी म्हणाले. "बोलतीय. बोलू द्या."

मग ती बोलून होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच कठड्याला टेकून उभे राहिलो.